डोळ्यांचा पेपर

हिमशिखर सोसायटीतल्या सगळ्या पोरांचे डोळे आपण स्वतः तपासायचे, असं रामचंद्र पेडणेकरांनी एका सकाळी चहा पिता पिता ठरवलं. नेहमीचा अर्धा कप असता तर विचार तेवढ्यात येऊन गेलाही असता. पण त्या दिवशी कमळताईंनी चहा भरपूर ठेवला होता.

निमित्त होतं लेकीच्या फोनचं. जान्हवी बोरिवलीला असते. तिच्या मुलीला लांबचा चष्मा लागला, ही बातमी देता देता ती सहज बोलून गेली, "बाबा, घरच्या घरीसुद्धा कळतं हो. अक्षरांचा तक्ता लावायचा, सहा मीटरवर उभं करायचं, एकेक डोळा झाकून वाचायला सांगायचं. अडखळलं पोर तर डॉक्टरकडे न्यायचं. एवढंच!"

'एवढंच' हा शब्द पेडणेकरांना कधी मानवलेला नाही. एकदा 'वॉशर बदलायचा, एवढंच' म्हणून त्यांनी नळाला हात घातला होता, तर खालच्या मजल्यावरच्यांचं पीओपीचं छत नव्याने करावं लागलं. पण असले अनुभव माणसाला शहाणं करतात हा समज चुकीचा आहे. ते फक्त बायकोला शहाणं करतात.

"पोरांचे डोळे बघूक डॉक्टर नाय आसत?" कमळताईंनी विचारलं.

"अगो, डॉक्टरकडे कधी जातत लोक? पोर भिंतीर आपटला काय मगे! त्याच्या आधी कळूक नको?"

यात चुकीचं काहीच नव्हतं. पेडणेकरांचं कुठलंच काम मुळात चुकीचं नसतं. ते चुकीचं होतं ते हळूहळू.

पहिला प्रश्न तक्त्याचा. बाजारात तयार तक्ते मिळतात. पण पेडणेकरांची सगळी नोकरी साकीनाक्याच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात गेलेली. रोटरिंगचं पेन हातात धरून ज्याने तीस वर्षं अक्षरं काढली, तो माणूस छापील तक्ता विकत आणणार? मुळीच नाही. त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त एवढंच विचारलं, की अक्षरं मराठी घ्यावीत की इंग्रजी. त्यावर दुपारपर्यंत जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. दोन जण ग्रुप सोडून गेले, एक जण परत आला. शेवटी कुणीतरी तोडगा काढला, की शाळेत मराठी सक्तीचं आहेच, तर पोरांचा तेवढाच सराव होईल. या 'सराव' शब्दात पुढच्या सगळ्या अनर्थाचं बी होतं, पण तेव्हा ते कुणाला दिसलं नाही. पेडणेकरांना तर नाहीच. ते तेव्हा 'च'चं पोट किती मिलिमीटर असावं याच्या हिशेबात होते.

तक्ता मात्र देखणा उतरला. वर पंजाएवढा 'क', खाली लहान लहान होत गेलेल्या ओळी, आणि तळाला च, ट, प, ग, ल, र, न, म अशी मुंगीसारखी पण रेखीव अक्षरं.

आता सहा मीटर. पेडणेकरांनी टेप घेऊन घर पालथं घातलं. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून गॅलरीच्या ग्रिलपर्यंत एक सरळ रेघ बसत होती, पण मध्ये फ्रीज येत होता.

"माझो फ्रीज हलाचो नाय," फ्रीजकडे बघितलंही नव्हतं तोवर कमळताई म्हणाल्या. "आणि सगळी पोरां हंय इली तर चपलो खंय ठेवतले? तुमच्या डोक्यार?"

म्हणून मोर्चा वळला खाली पार्किंगकडे. मीटररूमच्या बाहेरची भिंत छान होती, उजेड भरपूर होता. पण पार्किंग म्हणजे सोसायटीची जागा, आणि सोसायटीची जागा म्हणजे सेक्रेटरी सुबोध तेंडोलकर. तेंडोलकर कांजूरमार्गला एका कंपनीत 'कंप्लायन्स' बघायचे. म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण घरी आल्यावरही ते तेच बघायचे.

"वैद्यकीय उपक्रम पार्किंगमध्ये बसत नाही, काका," ते म्हणाले. "उद्या एखाद्याच्या डोळ्याला काही झालं तर?"

"अहो, मी डोळ्याला हातसुद्धा लावणार नाही. पोरं लांबून वाचणार, मी ऐकणार."

"वाचन?" तेंडोलकरांचा चेहरा उजळला. "वाचन असेल तर सांस्कृतिकमध्ये बसवता येईल."

त्यामुळे फलकावर नोटीस लागली, 'बालगोपाळांसाठी सांस्कृतिक कार्यक्रम : नजर'. पेडणेकरांना हे पटलं नव्हतं. पण परवानगी मिळाली होती, आणि मुंबईत मिळालेली परवानगी कोणी उलटून तपासत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी टेप धरून भिंतीपासून बरोबर सहा मीटरवर रेघ मारली. खडूची पुसली जाते म्हणून पिवळ्या ऑइलपेंटची मारली. ती नेमकी दोन पार्किंगच्या मध्ये, जराशी तिरकी आली. संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या सुयोग परबने ती बघितली आणि गाडी रस्त्यावरच सोडून धावत वर आला.

"काका, माझा स्लॉट कापला का?"

"अरे, ती पोरांना उभं राहायला आहे."

"पोरांना स्लॉट? भाडेकरूंना मिळत नाही आणि पोरांना?"

रात्रीच्या जेवणापर्यंत सोसायटीभर झालं, की पार्किंगचं फेरवाटप होतंय आणि पेडणेकर त्यात सामील आहेत. सकाळी बघतात तर पिवळ्या रेघेला चिकटवून कुणीतरी ताबा म्हणून बंद पडलेली स्कूटर आणून ठेवली होती. तिचा मालक शेवटपर्यंत सापडला नाही. ती अजून तिथेच आहे.

मध्यंतरी सल्ले चालूच होते. दुसऱ्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाबाई गुप्ते म्हणाल्या, की तक्ते वगैरे कशाला, रोज दिव्याच्या ज्योतीकडे टक लावून बघावं. त्या स्वतः बघतात. (त्यांचा चष्मा एवढा जाड आहे की त्यांचे डोळे काचेच्या मागे नसून आतच राहत असावेत असं वाटतं.) मासे घेऊन येणाऱ्या जानकीने टोपली टेकवता टेकवता तपासणीची गरजच मोडीत काढली. "पोरांना म्हावरा घाला ना काका, डोलं आपोआप चांगलं व्हतील!" असं म्हणून तिने कमळताईंच्या गळ्यात दोन वाटे मांदेली जास्त मारली.

आणि आईवर्गाचे फोन. "काका, पोर्शन काय आहे?" "काका, शेवटची ओळ कंपल्सरी आहे का?" "आमच्या ओवीचं मराठी कच्चं आहे, थोडं सांभाळून घ्या हं." पेडणेकर प्रत्येकीला सांगत होते, की ही परीक्षा नाही. पण 'ही परीक्षा नाही' हे वाक्य प्रत्येक परीक्षेच्या आधी सांगतात, हे त्या बायकांना चांगलं ठाऊक होतं.

त्यात पेडणेकरांनी स्वतःच एक गोष्ट केली. तक्ता आदल्या संध्याकाळीच भिंतीवर लावून टाकला. कारण विचारलं असतं तर ते म्हणाले असते, पोरांची भीती मोडावी म्हणून. खरं कारण असं, की ती अक्षरं घरात गुंडाळी करून ठेवणं त्यांच्याच्याने होईना. येणारे जाणारे थांबून बघत होते. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'काका, झकास!' पेडणेकरांनी त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि झोपायला गेले.

रविवारी सकाळी पोरं आली ती सांस्कृतिक होऊनच. एक झाशीची राणी होती. एक जण कोबी होता. कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. श्रुतिका नावाची एक चिमुरडी भरतनाट्यमच्या पूर्ण साजात, घुंगरू बांधून, डोळ्यांत कानापर्यंत काजळ घालून आली होती. तिला पेडणेकरांनी एक डोळा तळव्याने झाक म्हटल्यावर तिने तो आज्ञाधारकपणे झाकला, आणि हात काढला तेव्हा अर्धा चेहरा आणि सगळा तळवा काळा झाला. मग दुसरा डोळा झाकला. तिच्या आईने पेडणेकरांकडे असं बघितलं, की त्यांनी आपला धुतलेला रुमाल मुकाट्याने पुढे केला.

पण निकाल! निकाल ऐकून पेडणेकरांची छाती फुगत होती. एकेक पोर पिवळ्या रेघेवर यायचं, स्कूटरला टेकायचं, डोळा झाकायचं आणि वरपासून खालपर्यंत घडाघड वाचून मोकळं व्हायचं. अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. राणीने वाचलं, कोबीने वाचलं, श्रुतिकाने तर तालात वाचलं. एका अख्ख्या सोसायटीची नजर घारीसारखी! पेडणेकर मनातल्या मनात जान्हवीला फोन लावत होते.

मग सेक्रेटरींचा मिहिर आला. नववीतला, उंच, मान जराशी पुढे काढून चालणारा. सोसायटीत त्याच्याबद्दल मत फारसं बरं नव्हतं. समोरून गेलं तरी ओळख दाखवत नाही, शिष्ट आहे, असं सगळे म्हणायचे. त्याच्यासोबत त्याची आई, उत्तरा. तिने आल्याबरोबर मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला आणि म्हणाली, "वॉचमन, जरा तो फॅन लावा ना. घाम दिसतोय त्याचा."

उत्सवाच्या मांडवातला तो उभा पंखा. लागला की आधी घरघरतो आणि मग मनात येईल तसा वळतो. या वेळी तो भिंतीकडे वळला. पेडणेकर तेव्हा वाकून श्रुतिकाचा गाल पुसत होते, उत्तराची पाठ भिंतीकडे होती आणि बाकी सगळे मिहिरकडे बघत होते. तक्ता एका कोपऱ्यातून सुटला, दुसऱ्या कोपऱ्यातून सुटला, आणि हलकेच खाली येऊन पालथा पडला. त्याच्या मागे मीटररूमची, लाल रंग उडून पांढुरकी झालेली पाटी होती. वर 'धोका', खाली '४४० व्होल्ट', आणि मध्ये कवटी व दोन हाडं.

"क," मिहिरने सुरुवात केली. "ग. प..."

पेडणेकरांनी मान वर केली.

"...च, ट, प, ग, ल, र, न, म!"

"एकसुद्धा चूक नाही!" उत्तरा म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिहिरने हात बदलून दुसरा डोळा झाकला आणि त्याच ठाम आवाजात, त्याच कवटीला, तोच तक्ता पुन्हा म्हणून दाखवला.

पेडणेकरांच्या डोक्यात पहिल्यांदा जे पेटलं तो निव्वळ संताप होता. पेपर फुटला! राणी, कोबी, ताल धरलेली श्रुतिका, सगळ्यांनी पाठ केलं होतं. आणि फोडला कुणी? भिंतीवर लावला कुणी? फोटोखाली हात कुणी जोडले? हा शेवटचा प्रश्न मनात आल्यावर संताप जरा ओसरला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की पाठ तर सगळ्यांनीच केलं होतं. पण दुसरं कुठलंही पोर तक्ता पडल्यावर थांबलं असतं. निदान हसलं तरी असतं.

"उत्तरा," ते शांतपणे म्हणाले, "कमळकडून जरा थंड पाणी आणतेस का सगळ्यांना? घसा कोरडा झाला असेल पोरांचा."

ती गेल्यावर त्यांनी पंखा बंद करवला आणि मिहिरला बाजूला घेतलं.

"तक्त्यावर सगळ्यात वर काय आहे रे?"

"मोठा क, काका."

"आणि त्याच्याखाली दोन हाडं कशाची?"

मिहिरने डोळे बारीक केले. भिंतीकडे बघितलं, पेडणेकरांकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे. मग चार पावलं पुढे गेला, आणखी दोन गेला आणि थांबला. त्याचे कान लाल झाले.

"वाट लागली," तो पुटपुटला. "काका, बाबांना सांगू नका ना, प्लीज."

"का?"

"बाबा म्हणालेत, चष्मा लागला म्हणजे मोबाइलमुळेच लागला. मग मोबाइल बंद. क्रिकेट पण बंद. ते आधीच चिडलेत. फळ्यावरचं अर्धंच उतरवतो म्हणून ठाण्याला एक क्लास बघितलाय, सकाळी शाळेच्या आधी आणि संध्याकाळी नंतर."

"पण तुला दिसत नाही हे तुला कधीपासून कळलंय?"

"दिसतं हो," मिहिर जरा दुखावल्यासारखा म्हणाला. "सगळ्यांना दिसतं तसंच दिसतं ना? लांबचं थोडं पुसटच असतं. ते तर फोटो आला तेव्हा मला मोबाइलवर कळलं, की खाली आणखी तीन ओळी आहेत. भिंतीवर त्या नव्हत्याच."

पेडणेकरांना जान्हवीने फोनवर सांगितलेली आणखी एक गोष्ट आठवली. त्यांनी श्रुतिकाच्या ओढणीची एक सेफ्टी पिन मागून घेतली (तिच्या आईने ती दिली, पण रुमालावरचा राग मनात ठेवून दिली), वॉचमनच्या टेबलावर पडलेली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका उचलली, आणि गणपतीचं चित्र टाळून बरोबर मध्ये एक बारीक भोक पाडलं.

"एक डोळा झाक. आणि यातून बघ."

मिहिरने पत्रिका डोळ्याला लावली.

"धोका," मग तो हळूच म्हणाला. "चारशे चाळीस... काका, ही कवटी हसतेय!"

"हसू दे. भोकातून साफ दिसत असेल, तर बहुतेक नंबरचंच काम आहे. चष्म्याने भागतं. बाकी डॉक्टर सांगतील."

पण मिहिरचं आता लक्षच नव्हतं. तो पत्रिका लावून गोल गोल फिरत होता. "समोरच्या टॉवरमध्ये कपड्यांना चिमटे लावलेत! रंगीत आहेत! आणि वॉचमनकाकांना मिशी आहे?"

"आठ वर्षांपासून आहे," वॉचमन म्हणाला.

तेवढ्यात गेटमधून तेंडोलकर आत आले. रेघेच्या भानगडीत त्यांचीच गाडी कुणीतरी अडवली होती, ती सोडवून ते परत येत होते. मिहिरने पत्रिका झटकन मागे लपवली.

"कोण येतंय रे?" पेडणेकरांनी विचारलं.

"बाबा."

"चेहरा दिसतोय?"

"चेहरा जवळ आल्यावर दिसतो. पण ते रागाने चालतात ना, त्यावरून लांबूनच कळतं."

हे शेवटचं वाक्य तेंडोलकरांनी ऐकलं. ते होते तिथेच थांबले.

एरवी त्यांनी पुष्कळ काही विचारलं असतं. म्हणजे विचारलंच. "तुम्ही डॉक्टर आहात का, काका?" पेडणेकर म्हणाले, "नाही." "मग लग्नपत्रिकेवरून निदान कसं करता?" पेडणेकर म्हणाले, "निदान करत नाही. डॉक्टरकडे न्या, एवढंच म्हणतो." एवढ्यात पाण्याच्या बाटल्या घेऊन उत्तरा आली आणि अभिमानाने म्हणाली, की मिहिरने दोन्ही डोळ्यांनी पूर्ण तक्ता वाचला, तिच्याकडे व्हिडिओ आहे. "कुठला तक्ता?" तेंडोलकरांनी विचारलं. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कवटी होती. तक्ता पालथा पडला होता आणि त्यावर कोबी बसला होता.

तेंडोलकरांनी मुलाकडे बघितलं. मग कधी नव्हे ते सावकाश, अगदी मुद्दाम सावकाश पावलं टाकत त्याच्यापर्यंत गेले.

"फळ्यावरचं दिसत नव्हतं का रे?"

मिहिरने नुसती मान हलवली.

"मग सांगायचंस ना."

"मला काय माहीत, बाकीच्यांना दिसतं ते," मिहिर म्हणाला.

सोमवारीच मुलुंडच्या डॉक्टरांनी नंबर काढला. चांगला अडीचच्या पुढे होता. त्यांनी मोबाइल कमी करा म्हणून सांगितलं, पण मैदान अजिबात बंद करू नका, पोरांनी उन्हात, मोकळ्यावर खेळलंच पाहिजे, असंही बजावलं. हे दुसरं वाक्य मिहिरने डॉक्टरांकडून दोनदा म्हणवून घेतलं. ठाण्याचा क्लास तूर्त राहिला.

पेडणेकरांनी बाकीच्या पोरांची तपासणी पुन्हा घेतली. या वेळी अक्षरं नाहीत. पुठ्ठ्यावर एकच तीन काट्यांचा आकार, कंगव्यासारखा. तो ते हवा तसा फिरवायचे आणि पोराने काटे वर आहेत की खाली, डावीकडे की उजवीकडे, ते हाताने दाखवायचं. पाठ करायला काहीच नाही. तरीही एका आईने फोन करून विचारलंच, "काका, साधारण कुठल्या दिशेवर भर असेल?" राणी आणि आणखी दोघं अडखळली. त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. कोबीची नजर उत्तम निघाली. त्याला फक्त मराठी येत नव्हतं. शर्मिष्ठाबाईंनीही पुठ्ठ्यासमोर उभं राहायची इच्छा दर्शवली, पण पेडणेकरांनी कार्यक्रम बालगोपाळांपुरता असल्याचं नोटिशीतून वाचून दाखवलं.

चष्मा आल्यावरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पोरांची मॅच होती. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत मिहिर लाँगऑनला उभा होता. पूर्वी त्याला तिथे कधी उभं करत नसत. पेडणेकर बाकावर होते, आणि तेंडोलकर त्यांच्या शेजारी, हाताची घडी घालून. चेंडू उंच उडाला. इतका उंच, की खेळणारेही थांबून बघत राहिले. मिहिर मागे सरकला, थोडा डावीकडे गेला, चेंडूच्या बरोबर खाली येऊन उभा राहिला, ओंजळ वर केली.

आणि चेंडू ओंजळीतून निसटून पायावर पडला.

पोरांनी डोक्याला हात लावला. कुणीतरी "अरे यार!" म्हणून ओरडलं. तेंडोलकर ताडकन उठले. मिहिरने चष्मा सावरला, बाकाकडे वळला आणि दोन्ही हात वर करून मोठ्याने हसत ओरडला,

"बाबा, दिसला होता! पूर्ण दिसला होता! नुसता सुटला!"

तेंडोलकर क्षणभर उभेच राहिले. मग खाली बसले.

"ऐकलंत ना, काका?" ते पेडणेकरांना म्हणाले. "नुसता सुटला." आणि टाळ्या वाजवायला लागले.